खोक्यावरचे नाव आणि साच्याचे वर्ष

प्लॅस्टिकच्या मॉडेल मोटारीचे किट जन्म घेते ते पोलादी साच्यात. वितळलेले पॉलिस्टायरिन दाबाखाली साच्यात शिरते, थिजते आणि चौकटींना लटकलेल्या सुट्या भागांच्या रूपाने बाहेर पडते. या व्यवहारात प्लॅस्टिकची किंमत किरकोळ असते; खरा पैसा साचा कोरण्यात जातो. म्हणून एकदा कोरलेला साचा पन्नास-साठ वर्षेही राबवला जातो, विकला जातो, कंपनी बुडाली तर दुसरीच्या हाती जातो. हौशी मंडळी किटची तुलना करताना रेव्हेल चांगले की टामिया, असा वाद कंपन्यांच्या नावांवरून घालतात. पण दोन किटमधल्या फरकाचे मूळ बहुतेक वेळा वेगळ्याच गोष्टीत सापडते : साचा कोणत्या साली कोरला गेला आणि तो कोणत्या गिऱ्हाइकासाठी होता. या उद्योगाचा इतिहास तपासला की ते स्पष्ट दिसते.

प्लॅस्टिक किटची सुरुवात मोटारींनी झाली नाही. ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने विमानांची किट्स निघाली, ती सेल्युलोज ॲसिटेटची होती. हे प्लॅस्टिक काळानुसार आकसते आणि वाकते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिन सहज मिळू लागले आणि या धंद्याला खरा पाया मिळाला. निकोलस कोव्ह या हंगेरियन माणसाने इंग्लंडमध्ये काढलेल्या एअरफिक्स कंपनीने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरचे मॉडेल केले, ते ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींना गिऱ्हाइकांपुढे ठेवता यावे म्हणून. पुढे तेच सुट्या भागांत बाजारात आले. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज वूलवर्थच्या दुकानांत पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकले जाऊ लागले. अमेरिकेत याच सुमारास रेव्हेल कंपनीने गाउलंड पिता-पुत्रांनी आखलेली ‘हायवे पायोनियर्स’ ही मालिका बाजारात आणली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारी, प्रमाण १/३२, भाग मोजके, किंमत मुलांच्या खिशाला परवडेल अशी. मोटारीच्या किटला गिऱ्हाईक आहे, हे या मालिकेने सिद्ध केले.

मोटारींच्या किटला जो आकार पुढे कायमचा मिळाला, तो मात्र मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या परिसरात. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एएमटी कंपनीच्या नावाचा मूळ विस्तार ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’ असा होता. तिचे पहिले गिऱ्हाईक मोटार कंपन्या होत्या. नव्या फोर्ड गाडीचे, कारखान्याच्या अस्सल रंगात रंगवलेले छोटे मॉडेल डीलरच्या टेबलावर ठेवायचे, गाडी पाहायला आलेल्या कुटुंबातल्या मुलाच्या हातात द्यायचे, यासाठी ते बनवले जाई. ॲल्युमिनियम लवकरच मागे पडले आणि प्लॅस्टिक आले. जॉन हॅन्ली यांची जो-हान ही डेट्रॉइटची कंपनीही याच धंद्यात होती. क्रायस्लर, प्लिमथ, कॅडिलॅक या गाड्यांची मॉडेल्स ती करी. डीलरसाठी साचा तर कोरलेलाच आहे, मग त्याच साच्यातून न रंगवलेले, सुटे भाग काढून दुकानात का विकू नयेत, या विचारातून १९५८ मध्ये एएमटीची ‘थ्री-इन-वन’ किट्स निघाली. प्रमाण १/२५. एकाच खोक्यातून गाडी तीन प्रकारे बांधता येई : शोरूममधल्यासारखी, हौसेने बदललेली किंवा शर्यतीची. जास्तीचे बंपर, वेगळी चाके, चकचकीत मुलामा दिलेले भाग यांनी खोका भरलेला असे. ज्या मुलाचे वय गाडी चालवण्याचे नव्हते, त्याला गाडी बदलण्याची मुभा या खोक्याने दिली, आणि तिच्यामुळे एक अख्खी पिढी या छंदात आली.

या किटचे गुण आणि दोष दोन्ही डीलरच्या टेबलावरून आलेले आहेत. बॉडी एकसंध आणि आश्चर्यकारक अचूक असे, कारण रेखाचित्रे खुद्द मोटार कंपनीकडून मिळत, तीही गाडी बाजारात येण्याआधी, गुप्ततेच्या अटीवर. एकसंध बॉडीसाठी साचा अनेक दिशांनी उघडावा लागतो. सरकत्या बाजूंच्या अशा साच्याचे श्रेय एएमटीतल्या जॉर्ज टोटेफ यांना दिले जाते. पण टेबलावर ठेवलेल्या मॉडेलचा तळ कोण पाहणार? त्यामुळे चासी म्हणजे एक सपाट पत्रा असे, आणि त्यावर सायलेन्सर, स्प्रिंगा, गिअरबॉक्स हे सारे उठावात कोरलेले असे. अनेक किट्समध्ये पुढच्या चाकांचा लोखंडी दांडा सरळ इंजिनाच्या ठोकळ्यातून आरपार जाई. ज्याला बाहेरून गाडी हुबेहूब हवी, त्याला ही किट्स आजही समाधान देतात. यंत्रात रस असणाऱ्याची मात्र निराशा होते.

दरवर्षी शरद ऋतूत नव्या सालाची गाडी शोरूममध्ये येई आणि तिच्याबरोबर नवे किट दुकानात येई. दरवर्षी नवा साचा परवडत नसल्यामुळे जुनाच साचा खोदून, भरून, बदलून पुढच्या सालचा केला जाई. ही पद्धत त्या काळाच्या हिशेबाने योग्य होती, पण तिने मोठे नुकसान केले. १९६२ ची गाडी १९६३ ची झाली की १९६२ ची बॉडी कायमची नष्ट झाली. म्हणून त्या वर्षांची न उघडलेली किट्स आज दुर्मीळ आहेत. याउलट, १९३२ च्या फोर्डसारख्या जुन्या गाड्यांसाठी एएमटीने ‘ट्रॉफी’ मालिकेत जे स्वतंत्र साचे कोरले, त्यांना सालाचे बंधन नव्हते; ते अनेक दशके चालले. जो-हानने क्रायस्लरच्या टर्बाइन गाडीचे केलेले किट या सगळ्यांत वेगळे उठून दिसते. क्रायस्लरने अशा ५५ गाड्याच बांधल्या, त्यांतल्या बऱ्याचशा सामान्य नागरिकांना चाचणीसाठी दिल्या आणि नंतर बहुतेक स्वतःच मोडीत काढल्या. मूळ गाड्या जवळजवळ उरल्याच नाहीत अशा ठिकाणी किट हाच मोठा पुरावा ठरतो, आणि जो-हानचा हा पुरावा बारकाईने केलेला आहे.

टोटेफ यांनी एएमटी सोडून १९६३ मध्ये एमपीसी ही कंपनी काढली. तिची किट्स एएमटीच्याच वळणाची होती. भाग मात्र अधिक असत.

रेव्हेल आणि मोनोग्राम यांचा मार्ग निराळा होता. मोनोग्राम १९४५ मध्ये शिकागोत सुरू झाली, ती बाल्सा लाकडाच्या विमानांवर. मोटारी पन्नाशीच्या दशकात आल्या. डीलरांचे काम तिच्याकडे नव्हते, त्यामुळे दरवर्षीच्या नव्या गाडीमागे धावण्याची गरजही नव्हती. तिने हॉट रॉड, अभिजात गाड्या आणि निव्वळ कल्पनेतल्या गाड्या निवडल्या. टॉम डॅनियल यांनी आखलेली, जर्मन शिरस्त्राणाचे छप्पर असलेली ‘रेड बॅरन’ हे तिचे गाजलेले किट. आधी किट निघाले आणि त्याच्या लोकप्रियतेमुळे खरी गाडी नंतर बांधली गेली. रेव्हेलने साठीच्या दशकात एड ‘बिग डॅडी’ रॉथ यांच्या विक्षिप्त गाड्या आणि १९६३ पासून त्यांचा ‘रॅट फिंक’ हा उंदीर बाजारात आणला.

नेहमीच्या गाड्यांच्या बाबतीत रेव्हेल सर्वांत महत्त्वाकांक्षी होती. १९५७ च्या शेव्हरोलेसारख्या तिच्या किटमध्ये दारे, बॉनेट, डिकी सगळे उघडता येई. खोक्यावर हे वाचायला मोहक होते. बांधणाऱ्याला मात्र प्रत्येक दार चौकटीत नीट बसवताना घाम फुटे, आणि थोडी चूक झाली की सगळ्या फटी वेड्यावाकड्या दिसत. मोनोग्रामने त्या मानाने कमी भाग दिले, पण ते एकमेकांत निमूट बसत. नवख्या मुलाने पुरी केलेली मोनोग्रामची गाडी ही अर्धवट सोडलेल्या रेव्हेलच्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. त्या काळातल्या या दोन कंपन्यांपुरता हा निर्णय मोनोग्रामच्या बाजूने द्यावा लागतो.

प्रमाणाचा घोळही इथलाच. मोनोग्रामचे १/२४ हे प्रमाण फुटाला अर्धा इंच या सोप्या हिशेबातून येते. डेट्रॉइटच्या डीलर मॉडेल्समुळे १/२५ रूढ झाले. ४.८ मीटर लांबीची गाडी एकात २० सेंटिमीटर भरते, दुसऱ्यात १९.२. फरक जेमतेम चार टक्क्यांचा, पण दोन्ही गाड्या एका फळीवर शेजारी ठेवल्या की डोळ्याला जाणवतो, आणि एका किटचे इंजिन दुसऱ्यात बसवताना तर फारच नडतो.

जपानमधला उद्योग शिझुओका शहराभोवती गोळा झाला. हा भाग लाकूडकामासाठी पूर्वापार प्रसिद्ध. तिथल्या सेंगेन देवस्थानाच्या बांधकामासाठी आलेले कारागीर तिथेच स्थायिक झाले, अशी त्याची परंपरा सांगितली जाते. टामिया, आओशिमा, हासेगावा, फुजिमी या चारही कंपन्या याच परिसरातल्या, आणि त्यांतली टामिया तर १९४६ मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. लाकडी मॉडेल्सचा तिचा धंदा अमेरिकन प्लॅस्टिक किट्सच्या आगमनाने कोसळला. १९६० मध्ये तिने ‘यामातो’ या युद्धनौकेचे प्लॅस्टिक किट काढले, पण प्रतिस्पर्धी कंपनीने तेच जहाज स्वस्तात विकल्यामुळे तोटा झाला. कंपनी सावरली ती ‘पँथर’ रणगाड्यामुळे. शिगेरू कोमात्सुझाकी यांचे खोक्यावरचे चित्र देखणे होते आणि रणगाडा मोटरवर खरोखर चालत असे. आज लष्करी मॉडेल्सचे जगभर मान्य झालेले १/३५ हे प्रमाण या रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात, एवढ्याच कारणाने ठरले.

या मोटरने जपानी मोटारींचेही स्वरूप ठरवले. इंजिनाच्या जागी बॅटऱ्यांचा डबा, मागच्या दांड्यावर दातेरी चक्रे, तळ सपाट. अमेरिकन मुलाला बॉनेट उघडून इंजिन पाहायचे होते. जपानी मुलाला गाडी जमिनीवर धावताना पाहायची होती. पुढे मोटर गेली, पण इंजिनाविना गाडी विकण्याची रीत बऱ्याच वर्षांपर्यंत राहिली. हासेगावाच्या लँचिया स्ट्रॅटोस, टोयोटा २००० जीटी यांसारख्या ऐतिहासिक गाड्यांची बॉडी पाहत राहावी अशी आहे, पण बॉनेटखाली बहुधा काही नसते. फुजिमीने ऐंशीच्या दशकात ‘एन्थुझिएस्ट’ मालिकेतल्या पोर्श ९११ मध्ये पूर्ण इंजिन आणि असंख्य बारीक भाग देऊन ही रीत मोडली. आओशिमाने रस्त्यावरच्या तरुणांच्या, जमिनीला टेकतील इतक्या खाली उतरवलेल्या गाड्यांना आपलेसे केले. सत्तरीच्या मध्यावर सातोशी इकेझावा यांच्या ‘सर्किटचा लांडगा’ या चित्रमालिकेमुळे जपानी मुलांना परदेशी सुपरकारांचे वेड लागले, आणि लॅम्बोर्गिनी, फेरारीची किट्स जवळजवळ प्रत्येक कंपनीने काढली.

टामियाचे वेगळेपण मात्र अभ्यासात आहे. १९६७ मध्ये तिने होंडाच्या आरए२७३ या फॉर्म्युला वन गाडीचे १/१२ प्रमाणातले किट काढले. पोर्श ९३४ चे किट आखताना छायाचित्रे आणि रेखाचित्रे पुरेनात, तेव्हा कंपनीतले शुनसाकू टामिया यांनी खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी करवली. १९७६ मध्ये आलेल्या या किटचा खर्च वसूल व्हावा म्हणून त्याच बॉडीवर रेडिओने चालणारी गाडी काढली गेली, आणि त्यातून कंपनीचा दुसरा मोठा धंदा उभा राहिला. साचे बाहेरून करून घेताना हाल झाले म्हणून टामियाने साठीच्या दशकातच स्वतःचा साचा विभाग उभारला होता. भाग कुठे जोडले जातात, ती जोडरेषा नजरेआड कशी जाईल, चिकटवण्याचा क्रम काय असावा, हे सगळे साचा कोरण्याआधी ठरते. टामियाचे किट जे जवळजवळ आपोआप जुळते, त्याचे रहस्य एवढेच आहे. नकाशा आखणारा आणि साचा कोरणारा एकाच छपराखाली असल्याचा हा लाभ आहे.

युरोपात मोटारींना विमानांच्या मानाने दुय्यम जागा मिळाली. एअरफिक्सने १/३२ मध्ये जुन्या गाड्या केल्या आणि १९७१ मध्ये १/१२ प्रमाणातली ‘ब्लोअर बेंटली’ काढली; ती आजही तिच्या उत्कृष्ट कामांपैकी एक आहे. फ्रान्सच्या हेलरने सित्रोएन आणि बुगाटी जपल्या. ट्यूरिनच्या पोशेरने मात्र टोक गाठले : प्रमाण १/८, प्लॅस्टिकबरोबर पितळ, स्क्रू आणि चामडे, चाकाचा एकेक आरा हाताने ओवायचा. तिच्या रोल्स-रॉइसचे भाग दोन हजारांच्या घरात जातात. ते मुकाट्याने जुळत नाहीत, कानस हाती घ्यावीच लागते. संयम असलेल्या कारागिराखेरीज कोणी या वाटेला जाऊ नये.

सत्तरीनंतर मालकी झपाट्याने बदलली. एमपीसी जनरल मिल्सकडे गेली. एएमटी १९७८ मध्ये मॅचबॉक्सवाल्या लेस्नीने घेतली आणि नंतर दोन्ही अर्टलकडे आल्या. ऑरोरा या अमेरिकन किट कंपनीचे साचे मोनोग्रामला मिळाले. १९८६ मध्ये रेव्हेल आणि मोनोग्राम एकत्र झाल्या. जपानमध्ये ओताकी आणि एलएस यांचे साचे आरीकडे, इटलीत एस्सी आणि प्रोतार यांचे साचे इटालेरीकडे आले. २०१८ मध्ये रेव्हेलची मालक असलेली हॉबिको दिवाळखोरीत गेली आणि रेव्हेल जर्मन गुंतवणूकदारांच्या हाती गेली. एएमटी आणि एमपीसी ही नावे आज राउंड टू या कंपनीकडे आहेत. तिने गेल्या काही वर्षांत, साचा नष्ट झालेल्या काही जुन्या बॉड्या नव्याने कोरून घेतल्या. साठीच्या दशकातल्या त्या नुकसानीची ही थोडीफार भरपाई आहे. मोबियससारख्या नव्या अमेरिकन कंपनीने हडसन हॉर्नेटसारख्या उपेक्षित गाड्या निवडल्या, आणि युक्रेनच्या आयसीएमने फोर्ड मॉडेल टीची १/२४ मधली मालिका अत्यंत निष्ठेने केली.

या सगळ्या देवघेवीमुळे आज रेव्हेलच्या खोक्यात जुना मोनोग्राम निघू शकतो, आणि एएमटीच्या चकचकीत नव्या खोक्यात साठ वर्षांपूर्वीची चासी. खोक्यावरचे साल पुष्कळदा फक्त वेष्टनाचे असते. मूळ कंपनीचे नाव आणि साल अनेक किट्समध्ये चासीच्या तळाला किंवा भागांच्या चौकटीवर कोरलेले सापडते. किट विकत घेणाऱ्याने आधी ते शोधावे.