राजाचा रस्ता, रयतेची रहदारी

जम्मू ते श्रीनगर हा रस्ता आमच्या पिढीतल्या बहुतेक फौजींच्या पायाखालून आणि चाकाखालून गेलेला आहे. नगरोटा, उधमपूर, बटोत, रामबन, खूनी नाला, बनिहाल, काझीगुंड. ही नावं नुसती उच्चारली तरी निवृत्त मंडळींना डिझेलचा वास येईल. कुणी या रस्त्यावर पहाटे रोड ओपनिंग पार्टीबरोबर पुलाखाली वाकून पाहत चाललं असेल, कुणी रामबनला दरड कोसळली म्हणून दोन रात्री गाडीत काढल्या असतील. पण या वाटेचा एक जुना इतिहास मेसमधल्या गप्पांत सहसा येत नाही. एके काळी ही राजाची खाजगी वाट होती.

१६ मार्च १८४६ च्या अमृतसरच्या तहाने जम्मूचे राजे गुलाबसिंग यांना इंग्रजांकडून काश्मीर मिळालं. किंमत ७५ लाख नानकशाही रुपये. घर जम्मूला आणि नवी मिळकत पीरपंजालच्या पलीकडे, तेव्हा ये-जा आलीच. त्यासाठी सरळ वाट म्हणजे बनिहालची खिंड, उंची साधारण सव्वानऊ हजार फूट. डोगरा राजांनी ही वाट आपल्या घराण्यासाठी आणि लवाजम्यासाठी राखून ठेवली. काश्मीर पाहायला येणाऱ्या इंग्रज साहेबालासुद्धा महाराजांच्या खास परवानगीशिवाय तिथून जाता येत नसे. बाकीचं जग झेलमच्या काठाने, म्हणजे रावळपिंडी, मरी, कोहाला, बारामुल्ला असं फिरून येई. पैसा आणि इंजिनिअरही त्याच बाजूला गेले. झेलम खोऱ्याचा गाडीरस्ता १८९० च्या सुमारास बारामुल्लाला पोचला आणि १८९७ मध्ये श्रीनगरला.

आता यात राजाचाच सगळा दोष, असं मी म्हणणार नाही. नदीकाठची वाट सखल, बर्फ कमी, आणि रावळपिंडीला रेल्वे. कोणत्याही इंजिनिअरने तीच निवडली असती. पण राखीव वाटेचं एक वैशिष्ट्य असतं. जी वाट चार माणसांच्याच सोयीची, ती सुधारायची निकड कुणालाच भासत नाही. राजाला पालखी आहे, हत्ती-घोडे आहेत, आणि ओझी वाहायला माणसं आहेत.

ती माणसं कोण, ते पुढे सांगतो. आधी एका शब्दाविषयी. आपण मराठीत 'रहदारी' म्हणतो ते फारसी 'राहदारी'वरून. मूळ अर्थ वाटेची राखण, मग त्या राखणीपोटी घ्यायचा कर, मग तो भरल्याचा किंवा परवानगीचा कागद. आज आपण तोच शब्द ट्रॅफिकसाठी वापरतो. एकोणिसाव्या शतकातल्या काश्मिरी शेतकऱ्याला मात्र मूळ अर्थच ठाऊक होता, कारण राहदारीचा परवाना असल्याशिवाय त्याला खोऱ्याबाहेर पडता येत नसे. १८७७ साली पिकं कुजली आणि मोठा दुष्काळ पडला. पंजाबात धान्य होतं, मजुरी होती, पण खिंडींवर पहारे होते. ज्यांच्या हाताला लाच द्यायला काही होतं ते निसटले. बाकीच्यांना वाट मोकळी व्हायला फार उशीर झाला. दुष्काळ तीन वर्षं चालला आणि गावंच्या गावं ओस पडली. रस्त्यावरचा राजाचा हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भालदार-चोपदार येतात. त्या हक्काची ही दुसरी बाजू आहे: एकाला वाट राखून ठेवायची म्हणजे दुसऱ्याला अडवायचं.

आता ओझ्यांकडे येऊ. आपल्याकडे ज्याला वेठबिगार म्हणत, त्याला तिथे बेगार म्हणत. राजाचा, राजाच्या अधिकाऱ्याचा किंवा हुकूमनामा घेऊन निघालेल्या पाहुण्याचा तळ पडला की आसपासच्या गावांनी हमाल, घोडे, लाकूडफाटा, कोंबड्या, दूध पुरवायचं. मजुरी ठरलेली असली तरी ती मधल्या हातांतून झिरपत खाली यायची, बहुधा यायचीच नाही. बंदोबस्त अधिकारी वॉल्टर लॉरेन्स १८८९ पासून काही वर्षं खोऱ्यात गावोगाव फिरला. त्याने १८९५ च्या आपल्या पुस्तकात बेगारीबद्दल सविस्तर लिहिलं आहे. शहरातले लोक सुटत, पंडित सुटत, शीख सुटत, वजनदार जहागीरदाराच्या छत्राखाली गेलेली कुळं सुटत. उरलेल्या मुसलमान शेतकऱ्यावर सगळा भार. हवे असत शंभर हमाल, पण मागणी लागे त्याच्या कितीतरी पट, कारण प्रत्येक जादा माणूस सुटण्यासाठी पैसे मोजणार हे तहसीलदाराला माहीत असे. म्हणजे बेगार हा अधिकाऱ्यांचा धंदा होऊन बसला होता. हा हिशेब कोणत्याही दरबारी जमाखर्चात सापडायचा नाही, कारण तो खजिन्यातून गेलाच नव्हता.

यातली सर्वांत भयंकर बेगार गिलगिटची. गिलगिटला महाराजांच्या फौजेचा तळ होता आणि १८८९ मध्ये इंग्रजांनी तिथली एजन्सी पुन्हा उघडल्यावर मागणी आणखी वाढली. बांदीपुरापासून त्रागबल, मग बुर्झिलची खिंड, अस्तोर, आणि पुढे सिंधू ओलांडून गिलगिट. धान्य पाठीवर. फौजेत सप्लायचं काम ज्याने केलं आहे त्याला एक त्रैराशिक लगेच दिसेल. हमाल स्वतः रोज खातो. मुक्काम जितके जास्त, तितकं त्याच्या पाठीवरचं धान्य त्याच्याच पोटात जातं आणि तळावर कमी पोचतं. मग आणखी हमाल. ऐन भातकापणीत गावातली धडधाकट माणसं उचलली जात. थंडीचे कपडे नाहीत, पायात गवताच्या चपला. एडवर्ड नाइट हा बातमीदार १८९१ मध्ये या भागात होता. त्याने लिहिलंय की माणूस बेगारीला पकडला गेला की बायकामुलं त्याला बिलगून रडत, कारण तो परत दिसेल असं ती धरूनच चालत नसत.

मी उंचावरच्या चौक्यांवर पोर्टर लोकांबरोबर काम केलं आहे. पगार, बूट, कोट आणि डॉक्टर असूनही ते काम काय असतं, ते पाहिलं आहे. बुर्झिलवर गवताच्या चपला, याची कल्पना करताना माझं डोकं थांबतं.

लॉरेन्सच्या बंदोबस्तानंतर आणि गिलगिटचा खेचरांचा रस्ता झाल्यावर या प्रकाराची धार कमी झाली. महाराजा प्रतापसिंगांच्या कारकिर्दीत बनिहालवरूनही गाडीरस्ता बांधला गेला आणि १९२२ साली तो सर्वांसाठी खुला झाला. अमृतसरच्या तहानंतर ७६ वर्षांनी. रस्ता खुला झाला तरी तो बाळसेदार नव्हता. हिवाळ्यात बर्फाने बंद, पूल हलक्या गाड्यांपुरते. खरी वर्दळ रावळपिंडीच्याच वाटेवर राहिली.

मग ऑक्टोबर १९४७ आला. २२ तारखेला टोळीवाले मुझफ्फराबादेत घुसले आणि झेलमच्या त्याच चांगल्या रस्त्याने श्रीनगरकडे निघाले. व्ही. पी. मेनन २५ ला विमानाने श्रीनगरात पोचले. महाराजा हरिसिंगांनी जम्मूला निघून जावं हा सल्ला त्यांचाच, आणि लष्करी नजरेने तो बरोबर होता. राजा शत्रूच्या हाती लागला असता तर विलीनीकरणावर सही कुणी केली असती? त्या रात्री मोटारी आणि ट्रकांचा ताफा बनिहालच्या रस्त्याने जम्मूला गेला. पण पहाटे मेनन आणि पंतप्रधान मेहरचंद महाजन यांना विमानतळावर जायचं होतं, तेव्हा शहरात गाडीच मिळेना. उपलब्ध मोटारी महाराजांबरोबर गेल्या होत्या. एक जुनी जीप मिळाली. तिच्यात हे दोघे आणि विमानाचे सगळे कर्मचारी कोंबून बसले आणि दिल्लीला जाणारं विमान गाठलं. मेनननी आपल्या पुस्तकात हा प्रसंग दोन-तीन वाक्यांत उरकला आहे. मला मात्र काश्मीरच्या संपूर्ण इतिहासातली ही सर्वांत बोलकी जीप वाटते. राज्याचं भवितव्य ठरवणारी माणसं एका मोडक्या गाडीत, कारण राज्यातलं प्रत्येक चाक आधी राजाचं.

२७ ला पहिली शीख बटालियन विमानांनी उतरली. विमानांनीच, कारण चांगला रस्ता शत्रूकडे होता आणि आपल्याकडे उरला होता तो बनिहालचा. ७ लाइट कॅव्हलरीच्या चिलखती गाड्या त्याच रस्त्याने, पुलांची काळजी करत, श्रीनगरला पोचल्या आणि ७ नोव्हेंबरला शालटेंगच्या लढाईत निर्णायक ठरल्या. पुढच्या वर्षी जनरल थिमय्यांनी झोजिलासाठी स्टुअर्ट रणगाडे नेले, तेव्हा पुलांना पेलेना म्हणून त्यांचे टरेट उतरवले. सॅपर मंडळींनी पूल आणि वाट मजबूत केली. श्रीनगरमधून रणगाडे नेताना कुणाला दिसू नयेत म्हणून शहरात कर्फ्यू लावला. नागरिकांनी पुन्हा दारं लावून घेतली, या वेळी आमच्यासाठी. १ नोव्हेंबर १९४८ ला झोजिला सर झाला. हिवाळ्यातही खोरं रस्त्याने जोडलेलं राहावं म्हणून खिंडीच्या साधारण दोन हजार फूट खालून बोगदा खोदला गेला, तो डिसेंबर १९५६ मध्ये उघडला. तो आपला जवाहर बोगदा.

हरिसिंग १९४९ मध्ये राज्य सोडून निघाले ते पुढे मुंबईत राहिले आणि २६ एप्रिल १९६१ ला मुंबईतच वारले. देशभरच्या राजांचे मोटारींवरचे हक्क तेव्हा शाबूत होते. विलीनीकरणाच्या करारांनी तनख्यांबरोबर मानमरातबही चालू ठेवले होते. गाडीला संस्थानाची लाल पाटी आणि वाहनकरातून सूट, ही त्यातली रस्त्यावरची चिन्हं. सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या हुकुमाने राजांची मान्यता काढून घेतली गेली, तेव्हा सुप्रीम कोर्टात गेलेल्या खटल्याला नाव आहे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचं. कोर्टाने तो हुकूम डिसेंबरात रद्द केला. वर्षभराने, डिसेंबर १९७१ मध्ये, २६ वी घटनादुरुस्ती होऊन तनखे आणि मान्यता दोन्ही संपलं. वर्तमानपत्रांत सारी चर्चा तनख्यांच्या कोटींची होती. लाल पाटीचा खर्च कुणी मोजला नाही. तो मोजणार तरी कसा? चौकात थांबलेल्या माणसाच्या अर्ध्या तासाची पावती फाटत नाही.

राजाची एक सवय मात्र राजा गेल्यावरही राहिली. रणबीरसिंगांनी १८७२ मध्ये सुरू केलेली दरबार मूव्ह, म्हणजे उन्हाळ्यात श्रीनगर आणि हिवाळ्यात जम्मू. स्वातंत्र्यानंतर राजा नव्हता, पण दरबार वर्षातून दोनदा हलतच राहिला. फायली पेट्यांत, पेट्या ट्रकांत, कर्मचारी बसमध्ये, आणि त्या दिवशी महामार्गावर खास बंदोबस्त. मे २०२० मध्ये जम्मू-काश्मीर हायकोर्टाने या प्रथेला कायद्याचा आधार नाही असं म्हटलं आणि २०२१ मध्ये ती थांबली. २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, कारण जम्मूच्या बाजारपेठेला काश्मिरी गिऱ्हाईक हवं होतं. म्हणजे इथे लोकांनाच ती प्रथा हवी होती. इतिहास आपल्या मतांची नेहमीच सोय पाहत नाही.

आणि आता आमच्याकडे. सैन्याच्या गाडीच्या नंबर प्लेटवर जो वर रोखलेला बाण असतो, तो कुठून आला माहीत आहे का? इंग्लंडच्या राजाच्या मालमत्तेवर, तोफखान्याच्या सामानावर शतकानुशतकं उमटवली जाणारी ती खूण. दारूगोळ्याच्या पेटीवरून ती ट्रकवर आली आणि राहिली. कामावरच्या सैनिकाला आणि त्याच्या वाहनाला टोल माफ आहे तो १९०१ च्या कायद्याने. फेब्रुवारी २०१९ मध्ये लेथपोरा इथे सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यानंतर एप्रिलपासून बारामुल्ला ते उधमपूर हा महामार्ग आठवड्यातून दोन दिवस, रविवारी आणि बुधवारी, पहाटेपासून संध्याकाळी पाचपर्यंत नागरी वाहनांना बंद ठेवला गेला. कारण खरं होतं, चाळीस शवपेट्यांइतकं खरं. थांबलेला माणूसही खरा होता. काही आठवड्यांत बंदी शिथिल झाली आणि मग उठली. पण ताफा जाताना बाजूला थांबायचं, हे त्या आधीही होतं आणि नंतरही राहिलं. एकदा काझीगुंडजवळ सफरचंदाच्या ट्रकवाल्याला मी आणखी वीस मिनिटं लागतील असं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "साहब, सेब को क्या पता काफ़िला किसका है." माझ्या हवालदाराने त्याला गप्प केलं, मी हवालदाराला.

हे लिहिताना राजा आणि आम्ही एकच, असा सूर मला लावायचा नाही. राजा हौसेने निघे, जवान हुकुमाने, आणि त्याच्या बसवर कुणी स्फोटकांची गाडी आणून आदळतो. पण वीस मिनिटं ही वीस मिनिटंच असतात, आणि ताफ्याच्या वेळा ठरवणाऱ्याने ती कागदावर मांडावीत असा माझा आग्रह असे. पहाटे ताफे लवकर काढायचे, शाळा भरायच्या नि सुटायच्या वेळा टाळायच्या, रुग्णवाहिकेला आमच्या गाड्यांमधूनही वाट द्यायची. चांगल्या युनिटमध्ये हे सगळं होतं, आणि होतं तिथे जवानांच्या सुरक्षेत काडीचाही फरक पडत नाही.

एप्रिल-मेमध्ये या रस्त्यावर एक वेगळी मिरवणूक असते. बकरवाल आपली मेंढरं-शेळ्या, घोडे आणि कुत्री घेऊन जम्मूच्या टेकड्यांवरून वरच्या कुरणांकडे निघतात.  बोगद्याच्या अलीकडे कळप रस्त्यावर पसरला की पुढे-मागे दोन-दोनशे गाड्या उभ्या राहतात. पोलीस शिट्टी फुंकतो, मेंढरं ऐकत नाहीत. कॉन्व्हॉय कमांडर वायरलेसवर "हॉल्ट, शीप ऑन रोड" एवढं सांगतो आणि खाली उतरून चहा मागवतो.