नकाशावरचे दोन रंग

गार्डन रीच आणि नागपूर यांचे नाते लोखंडी रुळांचे आहे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेची मुख्य कचेरी पुढे हुगळीकाठी येथेच आली. १९५५ च्या ऑगस्टात निघालेल्या दक्षिण-पूर्व रेल्वेनेही हेच स्थान राखले. २००३ साली बिलासपूरची रेल्वे वेगळी होईपर्यंत नागपूर-गोंदियाकडच्या गाड्यांचा कारभार येथूनच चाले. त्यामुळे येथील मराठी मंडळींत पुणे-साताऱ्याचे आणि वऱ्हाड-नागपूरचे असे दोन्ही प्रवाह येऊन मिळत आले. आणि १९५७ च्या निवडणुकीचा विषय निघाला की ते अजूनही पुन्हा वेगळे होतात. “तुम्ही आम्हांला साथ दिली नाहीत,” असे एकाने म्हणावे, “आम्हांला विचारले तरी कोणी?” असे दुसऱ्याने उत्तर द्यावे. या वादाचे मूळ तपासून पाहण्यासारखे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. पुढच्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसने सत्ता राखली. परंतु हा आकडा दोन निराळ्या निकालांची बेरीज होता. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचे बुरूज ढासळविले. पुण्यात ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांना हरविले. साताऱ्यातून नाना पाटील, नाशकातून दादासाहेब गायकवाड, राजापुरातून नाथ पै लोकसभेत गेले. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडला थोडक्या मतांनी तरले. विदर्भ-मराठवाड्यात मात्र काँग्रेसचा पाया ढळला नाही.

यावरून विदर्भाला मराठीचे प्रेम कमी होते असे म्हणणे हा अन्याय होय. ज्या आठ जिल्ह्यांसाठी राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली स्वतंत्र राज्य सुचविले होते, त्यांच्या वाट्याला राजधानी गमावलेले नागपूर आले. पश्चिमेला मुंबई हातची जाण्याची धास्ती. पूर्वेला मुंबईच्या छायेत झाकोळण्याची. मराठवाड्याचे पाच जिल्हे तर नुकतेच हैदराबादेतून सुटून मराठी मुलखास मिळाले होते. त्यांच्या दृष्टीने मोठा पल्ला गाठून झाला होता. १९५६ च्या गोळीबारात सांडलेल्या रक्ताची धग जेथे प्रत्यक्ष पोहोचली, तेथे मताने एक रूप घेतले, दूरवर दुसरे. शिवाय जागांचा नकाशा हा मतांचा नकाशा नसतो. एका मताने पडलेल्या उमेदवाराचे हजारो पाठीराखे त्या रंगात दिसत नाहीत.

असे दुभंगलेले नकाशे इतरत्रही झाले आहेत. १८६० साली अब्राहम लिंकन अमेरिकेच्या उत्तरेकडील मतांवर अध्यक्ष झाला. दक्षिणेच्या बहुतेक राज्यांत त्याच्या नावावर एकही मत पडले नाही. पुढल्याच वर्षी तेथे यादवी युद्ध पेटले. आपल्याकडे राजधानीतल्या सरकारचे बहुमत मुख्यतः दूरच्या प्रदेशांनी तोलून धरले होते, आणि अहमदाबादेत इंदुलाल याज्ञिकांच्या विजयाने गुजराती मतानेही आपली नापसंती सांगितली होती. हा कौल दिल्लीने सावकाश का होईना वाचला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले.

१९६२ साली नव्या महाराष्ट्रात काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. पश्चिमेची तक्रार मिटली होती. म्हणून मतही फिरले. पण त्याच निवडणुकीत नागपूरने वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते बापूजी अणे यांना लोकसभेत धाडले. एकाची मागणी पुरी झाली तेथून दुसऱ्याची सुरू झाली.

आम्हां दूरदेशी राहणाऱ्यांना घराचा नकाशा एकरंगी दिसतो. अंतराचा तो गुणही आहे आणि दोषही. नागपूरकर मित्राच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी आपण तो पुरता ऐकून घ्यावा. १९५७ साली तो ऐकला गेला नाही, एवढे तरी त्या मतपेट्यांनी नोंदवून ठेवले आहे.