मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांतील स्पीकर : नुकसानीची कारणे व बचावाचे उपाय

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात गणेशोत्सवापासून शरद पौर्णिमेपर्यंतचा काळ ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांच्या दृष्टीने अत्यंत धावपळीचा असतो. दुर्गोत्सवाचे मंडप, दसऱ्याचा ‘चल समारोह’ आणि भेडाघाट येथील नर्मदा महोत्सव हे सर्व याच दिवसांत येतात. तासन्‌तास पूर्ण आवाजात चालणाऱ्या स्पीकरवर या काळात मोठा ताण पडतो. स्पीकर जळाल्यास मालकाची हंगामाची कमाई बुडतेच. परंतु ऐन गर्दीत सूचना देण्याचे साधन बंद पडणे ही त्याहून गंभीर बाब ठरते.

पार्श्वभूमी

मोठ्या जनसमुदायापर्यंत आवाज पोहोचवण्याची गरज या परिसराला नवी नाही. मार्च १९३९ मध्ये जबलपूरनजीक त्रिपुरी येथे काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस आजारी असल्याने त्यांचे भाषण इतरांनी वाचून दाखवले. त्या काळात वक्त्याचे शब्द स्पष्ट ऐकू येणे हाच ध्वनिक्षेपकाचा मुख्य हेतू होता. पुढे संगीताचे कार्यक्रम आणि मिरवणुका यांमुळे स्पीकरकडून असणाऱ्या अपेक्षा अनेक पटींनी वाढल्या.

नुकसान कसे होते?

स्पीकरच्या पडद्यामागे तारेचे एक वेटोळे असते. त्यास व्हॉइस कॉइल म्हणतात. चुंबकाच्या अरुंद फटीत ही कॉइल मागेपुढे हलते आणि पडदा ध्वनिलहरी निर्माण करतो. अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेल्या विजेपैकी बहुधा काही टक्केच भाग आवाजात रूपांतरित होतो. उरलेल्या भागाची उष्णता होते. ती मर्यादेबाहेर गेल्यास तारेवरील आवरण व गोंद जळून कॉइल निकामी होते.

दुसरे नुकसान यांत्रिक स्वरूपाचे असते. अतिशय खालच्या स्वरांमुळे पडदा क्षमतेपेक्षा अधिक मागेपुढे जातो. त्यामुळे त्याची कड फाटते किंवा कॉइल मागच्या धातूच्या पट्टीवर आपटते. चालू माईक खाली पडणे किंवा यंत्रणा सुरू असताना वायर उपसणे यांनी बसणारा धक्काही असेच नुकसान करू शकतो.

‘आवाज फाटला’ म्हणजे काय?

अ‍ॅम्प्लिफायर क्षमतेबाहेर चालवल्यास ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. यालाच व्यवहारात आवाज फाटणे म्हणतात. शुद्ध स्वराची गोलाकार लहर छाटली जाऊन चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीच्या लहरीत दुप्पट शक्ती असते. म्हणजेच ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरमध्ये १,००० वॉटच्या आसपास शक्ती ओतू शकतो. शिवाय छाटलेल्या लहरीतून मुळात नसलेले उंच स्वर तयार होतात आणि त्यांचा भार नाजूक ट्विटरवर व हॉर्नच्या ड्रायव्हरवर पडतो. त्यामुळे लहान अ‍ॅम्प्लिफायर लावला की स्पीकर सुरक्षित राहतो, हा समज बरोबर नाही.

कॉइल तापण्याचा आणखी एक परिणाम होतो. तांब्याच्या तारेचे तापमान २० वरून २०० अंश सेल्सिअसवर गेल्यास तिचा विद्युतरोध सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. परिणामी आवाज आपोआप कमी होतो. आवाज पडला असे वाटून चालक तो आणखी वाढवतो आणि आधीच तापलेली कॉइल जळते. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात आवाज दबल्यासारखा वाटू लागल्यास तो वाढवण्याऐवजी कमी करून यंत्रणेस विश्रांती देणे हितावह असते.

बचावाचे प्रमुख उपाय

१. लिमिटर : ठरवलेल्या मर्यादेपुढे आवाज जाऊ न देणारे हे उपकरण अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी जोडतात. ८ ओहम व सलग ५०० वॉट क्षमतेच्या स्पीकरसाठी ही मर्यादा सुमारे ६३ व्होल्ट येते. क्षणिक उसळी आणि दीर्घकाळची उष्णता यांसाठी स्वतंत्र मर्यादा ठेवणे अधिक चांगले.

२. खालच्या स्वरांची गाळणी : प्रत्येक बेसच्या पेटीस एक किमान कंप्रता असते. तिच्याखालील स्वर गाळून टाकल्यास पडद्याची अनावश्यक हालचाल थांबते.

३. क्षमतेचे योग्य वाचन : स्पीकरवर छापलेला ‘पीक’ वॉटचा आकडा साधारणतः सलग क्षमतेच्या चौपट असतो. यंत्रणेची आखणी सलग क्षमतेच्या आकड्यावरून करावी.

४. मिक्सरवर लक्ष : मिक्सरमध्येच आवाज फाटत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा न लागताही स्पीकरचे नुकसान होऊ शकते.

५. माईकची शिट्टी : हा सलग उंच स्वर असल्याने ट्विटर अल्पावधीत जळू शकतो. माईक स्पीकरच्या समोर नेऊ नये.

६. सुरू-बंद करण्याचा क्रम : सुरू करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी.

वीज आणि पाऊस

तात्पुरत्या वीजजोडणीत न्यूट्रलची वायर सैल झाल्यास २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. म्हणून उपकरणे जोडण्यापूर्वी दाब मोजणे व अर्थिंग तपासणे आवश्यक असते. उत्सवकाळात परतीच्या पावसाची शक्यता लक्षात घेऊन स्पीकरवर आच्छादन तयार ठेवावे. मात्र अ‍ॅम्प्लिफायरचे हवा खेळण्याचे मार्ग झाकले जाऊ नयेत.

अंतराचे गणित

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. ही घट केवळ आवाज वाढवून भरून काढण्यासाठी चौपट शक्ती लागते. धुवांधार धबधब्याचा अखंड घोष असलेल्या भेडाघाटसारख्या ठिकाणी हा मोह अधिक होतो. अशा वेळी मैदानाच्या मध्यावर स्पीकरची दुसरी जोडी उभारणे हा सुरक्षित पर्याय आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जात असल्याने ३४ मीटरवरील जोडीचा आवाज सुमारे एक दशांश सेकंद उशिरा सोडावा लागतो. अन्यथा शब्द दुहेरी ऐकू येतात.

कायद्याची मर्यादा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सार्वजनिक ठिकाणाच्या सीमेवर आवाज परिसरातील ध्वनिमानकापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. मध्य प्रदेशात १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही लागू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नियमबाह्य ध्वनिक्षेपक व डीजेविरुद्ध कारवाईचे आदेश दिले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मानकानुसार संगीताच्या कार्यक्रमातील १५ मिनिटांची सरासरी पातळी १०० डेसिबलपेक्षा अधिक नसावी. जळालेल्या स्पीकरची कॉइल बदलता येते. तीव्र आवाजाने नष्ट झालेल्या अंतर्कर्णातील पेशी मात्र पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यामुळे स्पीकरसाठी लावलेली मर्यादा श्रोत्यांच्या आणि यंत्रणेजवळ रात्रभर उभ्या असणाऱ्या चालकांच्याही हिताची ठरते.