फाकारी बेटावरील सहल
फाकारी (व्हाइट आयलंड) हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८ कि.मी. अंतरावर, बे ऑफ प्लेंटी या उपसागरात असलेले जागृत ज्वालामुखी बेट आहे. फाकाताने गावातून पर्यटकांना बोटीने येथे एक दिवसाच्या सहलीसाठी आणले जात असे. हेल्मेट व वायुरोधक मुखवटा घेऊन, वाटाड्यांच्या सोबतीने ते गंधकाच्या पिवळ्या थरांजवळून विवरातील आम्लयुक्त तळ्यापर्यंत जात.

१८ नोव्हेंबर २०१९ रोजी ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी एकवरून दोनवर नेण्यात आली. तरीही सहली चालूच राहिल्या. ९ डिसेंबर रोजी दुपारी २ वाजून ११ मिनिटांनी उद्रेक झाला. त्या वेळी बेटावर ४७ जण होते. त्यांपैकी २२ जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये दोन वाटाडेही होते. या दुर्घटनेनंतर बेटावर उतरणाऱ्या सहली बंद झाल्या.