रकाना कोणी आखायचा?

एखाद्या आरोग्य उपकेंद्राचं कपाट उघडा. नोंदवह्यांची चळत दिसेल. गरोदर मातांची वेगळी, लसीकरणाची वेगळी, जन्म-मृत्यूची वेगळी. त्यातली एखादी वही चाळताना छापील रकान्यांच्या शेजारी पेनानं आखलेला एखादा जादा रकाना पुष्कळदा आढळतो. वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'माहेरी गेली'. हा रकाना वरच्या कचेरीनं सांगितलेला नसतो. लसीची तारीख चुकू नये म्हणून त्या नर्सबाईंना तो सुचलेला असतो. वहीची जागा संगणकानं घेतली तेव्हा ही पेनाची रेघ ओढण्याचा हक्क कुणाकडे गेला? आणि तो दवाखान्यातल्या माणसांकडे परत यावा म्हणून कुणी काय केलं? आजचं माझं बोलणं त्याविषयी आहे.

सुरुवात एका परिचारिकेपासूनच करू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली सेविका आठवते. पण क्रिमियन युद्धावरून परतल्यावर त्यांनी मोठं काम केलं ते कागदावर. तेव्हा इंग्लंडातलं प्रत्येक रुग्णालय आजारांची नोंद आपापल्या तऱ्हेनं करी, त्यामुळे एकाची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नसे. नाइटिंगेल यांनी सगळ्यांसाठी एकसारखे तक्ते तयार केले आणि १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत ते मांडले गेले. काही रुग्णालयांनी ते वापरूनही पाहिले, पण ती पद्धत टिकली नाही. भरायला अवघड असलेला तक्ता कितीही शहाणपणाचा असला तरी तो रिकामाच राहतो, हा धडा मात्र पुढं पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

आता शंभर वर्षं पुढं येऊ. १९६६-६७च्या सुमारास बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत नील पापालार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयाच्या कामासाठी एक संगणकभाषा घडवली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवली की होतं 'मम्प्स', म्हणजे आपलं गालगुंड! तोवरच्या संगणकभाषा आकडेमोडीत पटाईत होत्या. रुग्णाचा कागद मात्र आकड्यांचा नसतो. कुणाची दोन ओळींची टिपणं असतात, कुणाची दोनशे, आणि अर्धे रकाने कोरे. असा वेडावाकडा कागद सामावून घेणं मम्प्सला जमलं.

तरीही ती भाषा प्रोग्रॅमरचीच होती. पुढचं पाऊल अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत पडलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या जॉर्ज टिमसन यांनी 'फाइलमॅन' नावाची प्रणाली लिहिली. ती पडद्यावर साधे प्रश्न विचारी. नवी नोंदवही हवी आहे? तिचं नाव काय? पहिल्या रकान्यात काय येणार, तारीख, आकडा, की मोकळा मजकूर? माणूस उत्तरं देत जाई आणि शेवटी चालती नोंदवही तयार होई. प्रोग्रॅमची एक ओळही लिहावी लागत नसे.

हे वरच्यांना रुचलं नाही. संगणक म्हणजे मध्यवर्ती विभागाची मक्तेदारी, असा त्या काळचा खाक्या होता. १९७९च्या आसपास रुग्णालयांतली ही कामं थांबवण्याचे हुकूम निघाले, काहींच्या नोकऱ्या गेल्या. मंडळी हटली नाहीत. डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना हाताशी धरून त्यांनी काम गुपचूप चालू ठेवलं आणि स्वतःला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणवून घेतलं. गुलामांना निसटून जायला मदत करणाऱ्या जुन्या गुप्त मार्गाचं हे नाव. अखेर फेब्रुवारी १९८२मध्ये त्या खात्याचे प्रमुख रॉबर्ट निमो यांनी या कामाला अधिकृत मान्यता दिली. दीडशेहून अधिक रुग्णालयांत पसरलेली 'व्हिस्टा' ही प्रणाली याच पायावर उभी राहिली. रकाना आखण्याच्या हक्कापायी नोकऱ्या जाव्यात, यावरून त्या हक्काचं मोल कळतं.

आता माझ्या मते या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना. समजा, लग्नाच्या पंगतीत विषबाधा झाली. तपासाला गेलेल्या डॉक्टरला विचारायचं असतं, श्रीखंड कुणी खाल्लं, मठ्ठा कुणी प्यायला? पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी साथ विहिरीच्या पाण्यानं आलेली असते, तिथं प्रश्न वेगळे. म्हणजे आधीच छापून ठेवलेला अर्ज इथं चालत नाही. तो जागच्या जागी, त्याच दिवशी तयार व्हावा लागतो.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले डॉ. अँड्र्यू डीन आणि त्यांचा किशोरवयीन मुलगा जेफ्री यांचा मोठा वाटा असलेलं 'एपि इन्फो' १९८५ साली आलं. हा जेफ्री पुढं गूगलमधला नामवंत संगणकतज्ज्ञ झाला. एपि इन्फोची खुबी अशी, की डॉक्टरनं प्रश्नावली पडद्यावर साधी टाइप करायची. जिथं उत्तर यायचं तिथं, आपण कागदावर रेघ मारतो तशा, खालच्या रेघा द्यायच्या. वयासारखा दोन अंकी आकडा हवा असेल तर चौकटीसारखी दोन चिन्हं. हो-नाहीसाठी वेगळी खूण, तारखेसाठी वेगळी. तो कागद वाचून संगणक स्वतःच माहितीचा साठा उभारी. शिकायचं नवं असं थोडंच होतं, कारण कोऱ्या जागा सोडून अर्ज लिहिणं सगळ्यांनाच येतं. हे सगळं फुकट आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवून घ्यायला मोकळं असल्यामुळे ते देशोदेशी पोचलं.

हीच युक्ती पुढं मोबाइलवर आली. वॉशिंग्टन विद्यापीठातले गाएतानो बोरिएल्लो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००८मध्ये 'ओपन डेटा किट' हाती घेतलं. त्यासाठी प्रश्नावली एक्सेलच्या तक्त्यात लिहिण्याची पद्धत रूढ झाली. एका ओळीत एक प्रश्न. एका स्तंभात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात त्याचं आतलं नाव, तिसऱ्यात पडद्यावर दिसायचा मजकूर. आणखी एका स्तंभात अट लिहिली की पुरुषाला गरोदरपणाचा प्रश्न विचारला जात नाही. फोनला रेंज नसली तरी नोंद होते आणि रेंज आली की पुढं जाते. पश्चिम केनियात घरोघरी जाऊन एचआयव्हीविषयी समुपदेशन करणाऱ्यांनी ते वापरलं.

इथं एक धोका उभा राहतो. छापील नोंदवहीला कागदाचा, छपाईचा आणि वाहतुकीचा खर्च होता. त्या खर्चाचा लगाम होता, म्हणून नवा रकाना वाढवताना साहेबही दोनदा विचार करत. आता एका दुपारी नवं अ‍ॅप तयार होतं. प्रत्येक कार्यक्रमाचा अधिकारी स्वतःचा अर्ज बनवणार आणि ते सगळे भरायला दारोदार फिरणारी बाई एकच. २००५ साली आपल्याकडे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर 'आशा' आल्या. बाळ-बाळंतिणीला बघायला गेलेल्या या बाईचं लक्ष बाळाकडे असावं की पडद्याकडे, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

त्याचं एक उत्तर दक्षिण आफ्रिकेत सापडतं. १९९४ साली वर्णभेदी राजवट संपली तेव्हा तिथं वंश आणि प्रदेश यांनुसार चिरफळलेली चौदा आरोग्य खाती होती, प्रत्येकाचे कागद निराळे. तिथल्या कार्यकर्त्यांनी नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठाच्या साथीनं आधी संगणकाला हात न लावता दवाखान्यातल्या माणसांना एकत्र बसवलं. कुठला आकडा तुम्ही स्वतः कामाला लावता? जो कुणीच वापरत नाही तो काढा. उरलेला गाभा सगळ्यांना समान. स्थानिक गरजेचे रकाने मात्र ज्यानं त्यानं आपल्यापुरते जोडावेत, वर पाठवण्याची सक्ती नाही. या तत्त्वावर घडलेल्या प्रणालीची दुसरी आवृत्ती, 'डीएचआयएस-२', २००६ साली पहिल्यांदा वापरात आली ती आपल्या केरळात. आज ती सत्तरहून अधिक देशांत आहे.

नाइटिंगेलपासून केरळपर्यंतचा हा प्रवास पाहताना मला एक कसोटी हाती लागल्यासारखी वाटते. एखादं सॉफ्टवेअर सोपं आहे असं कुणी सांगितलं, की आपण विचारतो, यात नवा रकाना किती चटकन जोडता येतो? तो प्रश्न आता जवळजवळ सुटलेला आहे. विचारायचं ते पुढचं. रोज तो अर्ज भरणाऱ्या नर्सबाईंना आणि आशाताईंना त्यातला निरुपयोगी रकाना खोडायला सांगता येतो का, आणि त्यांनी सांगितलं तर कुणी ऐकतं का? त्याला 'हो' असं उत्तर मिळेल, तेव्हाच ती पेनाची रेघ खऱ्या अर्थानं त्यांच्या हाती परत आली असं म्हणता येईल.