मुळाक्षरांची गावे आणि पाण्याची वाट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटाचा नकाशा समोर घ्या आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवा. ॲम्बॉय, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. इंग्रजी आद्याक्षरे पाहा: ए, सी, डी, ई, एफ, जी. मधल्या 'बी'चे ठाणे आता कुणाच्या लक्षात राहिलेले नाही, पण क्रम सरळ दिसतो. गावांची नावे अशी मुळाक्षरांच्या ओळीने का बरे पडावीत? कारण ती गावे नव्हतीच. १८८३ साली इथे लोहमार्ग आला, वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे, म्हणून रेल्वेने ठाणी नेमली आणि त्यांना ओळीने नावे देऊन टाकली. ॲम्बॉयच्या जमिनीतले पाणी तर खारट. तिथे पिण्याचे पाणीसुद्धा आगगाडीनेच यायचे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा हा वाळवंटी मुलूख मोटारीने, मनाला येईल तिथे थांबत पाहायचा, असे माझ्या भाच्याने ठरवले आणि आखणीचे काम माझ्यावर सोपवले. आल्बुकर्कीहून निघून ॲरिझोना ओलांडायचा आणि कॅलिफोर्नियात उतरायचे. 'मामा, बुकिंग काही करायचं नाही,' एवढीच त्याची अट. मी मात्र नकाशात जितका शिरलो तितके मला जाणवत गेले, की या प्रदेशात मनाला येईल तिथे थांबणे ही फार अलीकडची चैन आहे.

इथली सर्वांत जुनी वाट मोहावे लोकांची. कोलोरॅडो नदीपासून पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे व्यापारासाठी जाताना ते एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत चालत. १७७६ साली फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री हे वाळवंट ओलांडून गेला, तो त्यांनाच वाटाडे घेऊन. पुढे १८५७ साली एडवर्ड बील याने सरकारसाठी ॲरिझोनातून कोलोरॅडो नदीपर्यंत गाडीरस्त्याची पाहणी केली. त्याच्याबरोबर चक्क उंट होते! अमेरिकी लष्कराने ते भूमध्य समुद्राकडच्या देशांतून आणवले होते आणि सोबत उंटवालेही. त्यांतल्या हाजी अलीचे अमेरिकनांनी 'हाय जॉली' करून टाकले. १९०२ साली तो वारला. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट इथे त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे आणि टोकाला धातूचा उंट. रेल्वेने मात्र कॅलिफोर्नियात दक्षिणेकडची कमी चढाची वाट धरली. चढ टळला आणि झरेही सुटले. मुळाक्षरांच्या गावांचा जन्म असा झाला.

१९२६ साली शिकागो ते लॉस एंजेलिस हा प्रसिद्ध 'रूट ६६' जाहीर झाला. इथे तो बहुतेक ठिकाणी लोहमार्गाच्या अंगाअंगाने गेला, कारण पाणी आणि माणसे तिथेच होती. मोटारीची तहानही इंजिनासारखीच. लोक गाडीच्या पुढे पाण्याची कॅनव्हासची पिशवी टांगत. पाणी झिरपे, वाऱ्याने वाळे आणि आतले गार राही. आपल्या माठाचेच तत्त्व. एसेक्सला मोटारचालकांच्या संघटनेची विहीर होती, तिथे पाणी फुकट मिळे. ओटमनजवळच्या सिटग्रीव्ह्ज खिंडीत तर गंमतच. जुन्या गाड्यांत पेट्रोल टाकीतून उताराने इंजिनात येई. चढावर इंजिन वर आणि टाकी खाली झाली, की ते येईना. मग लोक गाडी उलटी फिरवून मागच्या मागे चढवत.

या रस्त्याच्या गोष्टी सांगताना स्वातंत्र्याचा फार गाजावाजा होतो. मला तो अर्धाच पटतो. १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि मंदीने उठवलेली ओक्लाहोमाकडची कुटुंबे याच वाटेने पश्चिमेला निघाली. फेब्रुवारी १९३६मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ पोलीस थेट राज्याच्या सरहद्दीवर धाडले. ज्यांच्या खिशात पैसे दिसत नव्हते, त्यांना माघारी वळवले जाई. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीनने कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' काढले. पुढच्या आवृत्त्यांतून देशभर कुठे खोली मिळेल, कुठे जेवण, याची यादी असे. अंधार पडायच्या आत कुठे पोहोचायचे, हे त्यांना घरून निघतानाच ठरवावे लागे. १९६४चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत 'आवडेल तिथे मुक्काम' हा गोऱ्यांचा विशेषाधिकार होता. नंतर १९७०च्या दशकापासून मोटेलच्या गल्ल्यावर गुजराती पटेल दिसू लागले, तेव्हाही शेजारच्या काहींनी 'अमेरिकन मालकीचे' अशा पाट्या लावल्याच.

मग रुंद महामार्ग आला. इंटरस्टेट ४०ने १९७३ साली ॲम्बॉयला बाजूला टाकले आणि २२ सप्टेंबर १९७८ रोजी सेलिग्मनला. एका दिवसात वर्दळ थांबली. १९८५ साली 'रूट ६६' सरकारी यादीतूनच गेला. सेलिग्मनचा न्हावी एंजल डेल्गाडिलो गप्प बसला नाही. त्याने आणि गावकऱ्यांनी १९८७ साली संघटना उभारली आणि ॲरिझोनाकडून या वाटेला ऐतिहासिक रस्त्याचा दर्जा मिळवला. आज लोक वाकडी वाट करून तिथे जातात.

आमच्या आखणीत मी रात्री मोकळ्या सोडल्या आणि दिवस बांधून घेतले. उन्हाळा टाळून ऑक्टोबर धरला. पेट्रोल किंगमन आणि नीडल्सला भरायचेच, डब्यात पाणी कायम. मधेच नवाहोंच्या मुलखात शिरलो तर घड्याळ एक तास पुढे, कारण ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही आणि नवाहो पाळतात. त्यांच्या वेढ्यातले होपी पुन्हा पाळत नाहीत! एसेक्स ते ॲम्बॉयच्या टप्प्यात ओढ्यांवरचे जुने लाकडी पूल पुरात वाहतात आणि तो भाग वेळोवेळी बंद असतो, म्हणून तिथे पर्यायी वाट पेन्सिलने काढून ठेवली. खिंड मात्र सकाळीच चढायची, आणि तीही सरळ तोंडाने.