मिररलेस कॅमेऱ्याकडे वळताना : हाताची सोय आणि कार्यक्षमता

छायाचित्रणाच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. निकॉन आणि कॅनन या दोन प्रमुख जपानी कंपन्यांनी २०२० नंतर डीएसएलआर प्रकारातील, म्हणजे आरसा असलेला, नवा कॅमेरा बाजारात आणलेला नाही. त्यामुळे जुना कॅमेरा वापरणाऱ्या व्यावसायिकांपुढे मिररलेस कॅमेरा घ्यावा की आहे त्यावरच काम चालवावे, हा प्रश्न उभा राहिला आहे. नेवाळकर घराण्याच्या काळापासून मराठी कुटुंबांचे वास्तव्य असलेल्या झाशीत, तेथील प्रेमनगरसारख्या वस्तीत लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून उदरनिर्वाह करणाऱ्यास हा प्रश्न जितका भेडसावतो, तितकाच तो नांदेड वा सोलापूर येथील व्यावसायिकासही भेडसावतो. कॅमेरा बदलणे म्हणजे अनेकदा वर्षभराची बचत खर्ची घालणे होय.

आरसा गेल्याने काय बदलते?

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून येणारा प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन दृश्यदर्शकापर्यंत पोहोचतो. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसा नसतो. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दृश्य दिसते. अदलाबदल करता येणाऱ्या लेन्सचा या पद्धतीचा पॅनासॉनिक जी१ हा कॅमेरा २००८ मध्ये आला. निकॉनने २०१८ मध्ये झेड ६ आणि झेड ७ सादर केले. नव्या झेड बैठकीत लेन्सचे कडे आणि सेन्सर यांच्यातील अंतर १६ मिलिमीटर आहे. १९५९ पासूनच्या जुन्या एफ बैठकीत ते ४६.५ मिलिमीटर होते.

वजनाचा हिशेब

मिररलेस कॅमेरा हलका असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. २०१४ मधील निकॉन डी ७५० चे वजन बॅटरीसह सुमारे ८४० ग्रॅम, तर झेड ६ चे सुमारे ६७५ ग्रॅम आहे. मात्र जुन्या लेन्स जोडण्यासाठी लागणारा एफटीझेड हा जोडक १३५ ग्रॅमचा आहे. म्हणजे जुन्याच लेन्स वापरल्यास प्रत्यक्ष बचत अवघी ३० ग्रॅम उरते. लग्नसमारंभात नित्य लागणाऱ्या ७०-२०० मिमी एफ/२.८ या लेन्सचे वजनही दोन्ही पद्धतींत जवळपास सारखेच, म्हणजे १४०० ग्रॅमच्या पुढे आहे.

लहान अंगाच्या कॅमेऱ्याला जड लेन्स जोडली की भार पुढे झुकतो आणि तो मनगटावर येतो. पकड आखूड असल्यास करंगळीला आधार मिळत नाही. वरात, सप्तपदी आणि पाठवणी असे आठ-दहा तासांचे काम करणाऱ्याने दुकानात पाच मिनिटे कॅमेरा हाताळून निर्णय घेऊ नये. आपली सर्वांत जड लेन्स जोडून निदान अर्धा तास तो डोळ्याशी धरून पाहावा, हे उत्तम.

कार्यक्षमतेतील लाभ आणि उणिवा

मिररलेस कॅमेऱ्याचे लाभ निर्विवाद आहेत. डी ७५० मध्ये फोकसचे ५१ बिंदू चौकटीच्या मध्यभागी एकवटलेले आहेत, तर झेड ६ मधील २७३ बिंदू चौकटीचा सुमारे ९० टक्के भाग व्यापतात. छायाचित्र उजळ येईल की काळोखे, हे बटण दाबण्यापूर्वीच पडद्यावर दिसते. हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा कॅमेऱ्यातच असते. मंत्रोच्चार सुरू असताना आवाज न करताही छायाचित्र टिपता येते. परंतु निःशब्द पद्धतीत एलईडी दिव्यांच्या प्रकाशात चित्रावर पट्टे उमटू शकतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

उणिवाही तितक्याच ठळक आहेत. प्रमाणित चाचणीनुसार एका बॅटरीवर डी ७५० सुमारे १२३० छायाचित्रे घेतो, तर झेड ६ सुमारे ३१०. प्रत्यक्ष वापरात दोन्ही आकडे वाढतात, तरीही जादा बॅटऱ्यांचा खर्च हिशेबात धरावाच लागतो. डी ७५० मध्ये दोन कार्डे बसतात, झेड ६ मध्ये एकच. ते कार्ड निकामी झाल्यास पुन्हा न येणारा प्रसंग कायमचा हरवतो. २०२० च्या झेड ६-२ मध्ये ही त्रुटी दूर करण्यात आली. याशिवाय, स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स एफटीझेडवर आपोआप फोकस करत नाहीत. या कॅमेऱ्यांसाठी वापराचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस सांगितलेले आहे. मे महिन्यात बुंदेलखंडात पारा त्याच्याही वर जातो. म्हणून कॅमेरा उन्हात उघडा ठेवू नये.

निर्णय कसा घ्यावा?

आपल्याकडील लेन्सची यादी करून त्यांतील किती नव्या कॅमेऱ्यावर पूर्णपणे चालतील, हे प्रथम तपासावे. कॅमेरा, जोडक, बॅटऱ्या आणि कार्डे यांची एकत्रित किंमत काढावी. शक्य असल्यास एका समारंभापुरता कॅमेरा भाड्याने घेऊन पाहावा आणि पहिला हंगामभर जुना कॅमेरा सोबत राखून ठेवावा. ज्याचे काम मंद प्रकाशातील आणि हलत्या माणसांचे आहे, त्याला हा बदल लाभदायक ठरेल. ज्याचे काम मुख्यतः स्टुडिओतील स्थिर प्रकाशात चालते, त्याने घाई करण्याचे कारण नाही.